जाहिरातीचा खर्च किलोत मोजा

भाजणी-चटण्या विकणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या, मिक्सर-पंखे दुरुस्त करणाऱ्या लहान व्यावसायिकांच्या हिशेबाच्या वह्या तपासणे हे माझे काम. गेल्या काही वर्षांत या वह्यांमध्ये खर्चाच्या बाजूला एक नवी ओळ दिसू लागली आहे : 'ऑनलाइन जाहिरात'. कुणाचे दोन हजार असतात, कुणाचे बारा हजार. जमेच्या बाजूला मात्र त्या खर्चातून काय आले, हे लिहिलेले नसते. आज मी या एका ओळीविषयी बोलणार आहे.

भाजणी विकणाऱ्या एका बाईंचे उदाहरण घेऊ. धान्य, गॅस, दळण आणि पिशवीचा खर्च वजा जाता त्यांना किलोमागे साठ रुपये सुटतात. कुणीतरी त्यांना बारा हजार रुपयांत वेबसाइट करून दिली. बारा हजार म्हणजे दोनशे किलो भाजणीचा नफा. त्यांची विक्री महिन्याला वीस किलोची. म्हणजे दहा महिने चुलीपुढे उभे राहून मिळवलेले सगळे पैसे त्यात गेले. वेबसाइट दिसायला सुरेख आहे. पण गिऱ्हाइकाने तिथे कोणत्या वाटेने यायचे, हे त्यांना कुणी सांगितले नाही. म्हणून माझे पहिले सांगणे असे, की जाहिरातीचा खर्च रुपयांत नव्हे, आपल्या मालात मोजा. किती किलो, किती ब्लाऊज, किती दुरुस्त्या? मग आपोआप आधी फुकटच्या सोयींकडे लक्ष जाते.

त्यातली पहिली सोय गुगलच्या नकाशावरची नोंद. तिला पैसे पडत नाहीत. दुकानाचे नाव पाटीवर आहे तसेच लिहा, त्याला 'उत्तम', 'स्वस्त' अशी शेपटे लावू नका. फोन, कामाच्या वेळा आणि सुट्टीचा वार अचूक टाका. वर्णनात मात्र गिऱ्हाईक जे शब्द शोधते तेच वापरा : थालीपिठाची भाजणी, उपवासाची भाजणी, चकलीची भाजणी. घरातून व्यवसाय करणाऱ्यांना घरचा पत्ता न दाखवता केवळ कोणत्या भागात सेवा देतो, एवढेच दाखवता येते. नोंद तुमचीच आहे याची खात्री गुगल करून घेते. त्यासाठी कधी फोनवर संकेतांक येतो, कधी छोटी चित्रफीत मागितली जाते. नंतर 'पैसे भरा, नाहीतर नोंद काढून टाकू' असा फोन आला, तर तो खुशाल बंद करा.

दुसरी सोय व्हॉट्सॲप बिझनेसची. हे ॲप भारतात २०१८ साली आले. आपल्या मालाची यादी, फोटो आणि भाव त्यात मांडून ठेवता येतात; आपण कामात असलो तर आधीच लिहून ठेवलेले उत्तर आपोआप जाते. भाव लपवू नका. 'किमतीसाठी संपर्क साधा' असे वाचले की निम्मी माणसे पुढे सरकतात. एकाच वेळी अनेकांना संदेश पाठवण्याची सोयही आहे; पण ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये जतन केला आहे, त्यांनाच तो पोचतो. म्हणून माल हातात देताना 'माझा नंबर ठेवता का? नवीन काही केले की कळवीन,' असे विचारून घ्यावे. आणि मग सुप्रभाताची फुले पाठवू नयेत! पंधरा दिवसांतून एकदा, कामापुरते लिहावे : 'चकलीची भाजणी आज दळली. अर्धा किलो १४० रुपये. शुक्रवारपर्यंत सांगा, शनिवारी घरपोच.' यात माल, भाव, मुदत सगळे आले.

फोटोसाठी स्टुडिओ नको. सकाळी खिडकीजवळच्या उजेडात, स्वच्छ ताटात माल ठेवून काढलेला फोटो पुरतो. पिशवीचे वजन दिसू द्या. खाद्यपदार्थ असेल तर अन्नसुरक्षा नोंदणीचा चौदा आकडी क्रमांक वाचता येईल असा घ्या. अनोळखी माणसाला विश्वास वाटतो तो अशा गोष्टींनी.

विश्वासाचा विषय निघाला म्हणून अभिप्रायांविषयी सांगतो. 'पन्नास चांगले अभिप्राय टाकून देतो, इतके पैसे द्या,' असे म्हणणारे भेटतात. त्यांच्या नादी लागू नका. खोट्या अभिप्रायांना आळा बसावा म्हणून भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये स्वतंत्र मानकच तयार केले आहे. शिवाय गावात कोण खरे गिऱ्हाईक, हे लोकांना कळतेच. समाधानी गिऱ्हाइकाला दोन ओळी लिहायला सांगा. कुणी तक्रार लिहिली तर वाद न घालता उत्तर द्या : 'या खेपेला भाजणी जाडसर दळली गेली, बदलून देते.' हे उत्तर तक्रार करणाऱ्यापेक्षा पुढची शंभर माणसे वाचतात.

इतके झाल्यावर पैसे देऊन जाहिरात करायचीच असेल तर थोडक्यात करा. सबंध राज्याला दाखवू नका. जिथे माल पोचवू शकता तेवढाच परिसर निवडा. दिवाळीच्या आधीचे आठ-दहा दिवस धरा. पाचशे रुपये घातले, तर बाईंच्या हिशेबाने निदान नऊ किलो भाजणी जास्त खपली पाहिजे. ते कळायचे कसे? प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला विचारा, 'आमचे नाव कुठून कळले?' आणि वहीत चार रकाने आखा : ओळखीतून, नकाशावरून, व्हॉट्सॲपवरून, जाहिरातीतून. दोन महिन्यांनी ही वहीच पुढचा सल्ला देते.

त्याच वहीत गिऱ्हाइकांची नावे आणि नंबरही लिहून ठेवा. फोन हरवतो, खाते बंद पडते. ही सगळी जागा दुसऱ्याच्या मालकीची आहे. वही आपली असते.

नाव पसरले की ठकही येतात. भाव न करता मोठी ऑर्डर देणारा, 'मी लष्करात आहे' असे सांगणारा आणि पैसे पाठवतो म्हणून क्यूआर कोड धाडणारा माणूस भेटला तर सावध व्हा. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन लागतो तो पैसे देण्यासाठी. घरात जो कुणी फोन उचलतो, त्या प्रत्येकाला हे एक वाक्य पाठ असू द्या.

शेवटी एक छोटे काम सांगतो. आज संध्याकाळी शेजाऱ्याचा फोन मागून घ्या आणि त्यावर आपला धंदा शोधा. नाव सापडते का, नंबर लागतो का, वेळ बरोबर आहे का, भाव दिसतो का, एवढेच पाहा. जिथे अडेल तिथून कामाला लागा. त्याला एक किलोही भाजणी खर्च होणार नाही.

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)