छोट्या आज्ञा, मोठे काम
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



आज मी जो विषय निवडला आहे तो पुष्कळांना परका वाटेल. युनिक्स आणि त्या घराण्यातील संगणक नुसत्या आज्ञा लिहून कसे चालवतात, हा तो विषय. ‘आमचा मुलगा मोबाइल सफाईने चालवतो, आता शिकायचे काय राहिले?’ असे पालक विचारतात. माझे उत्तर असे की, एस.टी.त बसता येणे वेगळे आणि ती चालवता येणे, अडली तर दुरुस्त करता येणे वेगळे. पडद्यावरच्या चित्राला बोट लावणारा हा प्रवासी होय. आपली मुले प्रवासीच राहणार, की डेपोतही शिरणार?

1969 साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सची सुरुवात केली. त्या काळी पडद्याऐवजी टेलिटाइप नावाचे यंत्र असे. ते सेकंदाला जेमतेम दहा अक्षरे छापी. त्यामुळे आज्ञांची नावे तोकडी ठेवण्याची रीत पडली. यादी दाखव म्हणजे ‘एलएस’, नक्कल कर म्हणजे ‘सीपी’, हलव म्हणजे ‘एमव्ही’. या यंत्रणेचे पहिले गिऱ्हाईक कोण, ठाऊक आहे? त्याच संस्थेचा पेटंट विभाग! तेथील टंकलेखक पेटंटचे अर्ज त्यावर तयार करीत. तेव्हा ही विद्या केवळ मोठ्या शास्त्रज्ञांची आहे, ही भीती मनातून काढून टाका.

सुताराच्या पेटीत करवत, रंधा, पटाशी अशी वेगवेगळी हत्यारे असतात. प्रत्येकाचे काम एकच, पण ते चोख. युनिक्सची रचना अशीच आहे. शिवाय डग्लस मॅकिलरॉय यांच्या आग्रहामुळे 1973 साली त्यात ‘पाइप’ची सोय झाली. एक उभी रेघ मारली की एका हत्याराचे काम नळातल्या पाण्यासारखे पुढच्या हत्याराकडे जाते.

आपल्या शाळेचेच उदाहरण घेऊ. एका फाइलमध्ये प्रत्येक ओळीत विद्यार्थ्याचे नाव, स्वल्पविराम आणि गाव लिहिले आहे. कोणत्या गावाहून किती मुले येतात, हे काढायचे आहे. ‘कट’ ही आज्ञा फक्त गावांचा रकाना वेगळा काढते. ‘सॉर्ट’ ती नावे क्रमाने लावते. ‘युनिक’ला मोजायला सांगितले की प्रत्येक गावापुढे आकडा येतो. पुन्हा ‘सॉर्ट’ केले की सर्वांत जास्त मुलांचे गाव वर येते. मात्र ‘युनिक’ला एकाखाली एक आलेल्या सारख्याच ओळी ओळखता येतात. म्हणून आधी ‘सॉर्ट’, मग ‘युनिक’. हा क्रम चुकला तर हिशेब चुकला! मित्रांनो, येथे यंत्रापेक्षा तुमचा विचार महत्त्वाचा आहे. आणि ओळींच्या ढिगाऱ्यातून हवा तो शब्द शोधायचा असेल तर ‘ग्रेप’ आहेच.

संगणक सांभाळणाऱ्याचे रोजचे काम याच पेटीतून चालते. जागा संपत आली का, हे ‘डीएफ’ सांगते. ती कोणत्या कप्प्याने खाल्ली, हे ‘डीयू’ सांगते. आत काय काय चालू आहे ते ‘पीएस’ दाखवते. एखादे काम अडून बसले तर ‘किल’ त्याला आधी थांबण्याची विनंती करते. नऊ क्रमांकाचा इशारा दिला तर मात्र अपील नाही.

‘सीएचमॉड’ ही आज्ञा अधिकार ठरवते. वाचण्याचे चार, लिहिण्याचे दोन, चालवण्याचा एक असे गुण धरतात. निकालाच्या फाइलला 640 दिले, तर मालकाला वाचता-लिहिता येते, त्याच्या गटाला फक्त वाचता येते आणि बाकीच्यांना काहीच नाही. मुख्याध्यापकांनी लिहावे, शिक्षकांनी पाहावे, इतरांनी दूर राहावे, असा हा कारभार तीन आकड्यांत बसतो.

एक इशारा देणे माझे कर्तव्य आहे. ‘आरएम’ ही पुसण्याची आज्ञा आहे. ती सहसा ‘नक्की पुसू का?’ असे विचारत नाही, आणि पुसलेले कचऱ्याच्या टोपलीत सापडत नाही. म्हणून शहाणा माणूस जे पुसायचे त्याची आधी ‘एलएस’ने यादी पाहतो आणि महत्त्वाच्या फाइलींची दुसरी प्रत ठेवतो. अधिकार आला की जबाबदारी आली.

पालकहो, खर्चाची चिंता तुम्हाला असणारच. 1983 साली रिचर्ड स्टॉलमन यांनी सर्वांना मोकळेपणी वापरता येईल अशी युनिक्ससारखी प्रणाली घडवण्याचा संकल्प जाहीर केला. 1991 साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाच्या लिनस टोरवाल्ड्स या 21 वर्षांच्या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहून प्रसिद्ध केला. दोन्ही मिळून आज जे मिळते त्याला दाम पडत नाही. अँड्रॉइड मोबाइलचा गाभाही लिनक्सच आहे. जगातील सर्वांत वेगवान 500 संगणकांच्या यादीतील प्रत्येक यंत्र 2017 सालच्या नोव्हेंबरपासून लिनक्सवर चालत आले आहे. आणि हाच लिनक्स एखाद्या कचेरीने काढून टाकलेल्या जुन्या संगणकावरही शिकता येतो. महागडे यंत्र घेऊन द्या, असे मी म्हणत नाही. चार घरांनी मिळून एक जुने यंत्र घ्यावे आणि त्यापुढे मुलांइतकाच वेळ मुलींनाही बसू द्यावे, एवढीच विनंती आहे.

विद्यार्थी मित्रांनो, मराठी किंवा उर्दू माध्यम म्हणून मागे सरू नका. येथे लांबलचक इंग्रजी बोलायचे नाही. पाच-पन्नास लहान शब्द आणि त्यांचा नेमका अर्थ शिकायचा आहे. ‘मॅन’ असे लिहून पुढे आज्ञेचे नाव लिहिले की तिची सारी माहिती समोर येते. भाषा इंग्रजी असली तरी शब्दकोश जवळ घेऊन बसा. एक वही करा, रोज एक आज्ञा स्वतः चालवून पाहा आणि तिचा अर्थ आपल्या भाषेत लिहा. वर्षअखेरीस ती वही तुमची हत्यारांची पेटी झालेली असेल, आणि ही पेटी कोणी हिरावून घेऊ शकत नाही.