अन्न न सोसणे आणि वर्ज्य-आहार : अध्यक्षीय भाषण

अन्नाची ॲलर्जी आणि अन्न न सोसणे या दोन व्याधी दवाखान्यातही पुष्कळदा एकाच नावाने ओळखल्या जातात. उपचाराचा पहिला घोटाळा तिथेच होतो. ॲलर्जीत शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा एखाद्या प्रथिनाला शत्रू समजते. आयजीई जातीची प्रतिपिंडे उसळतात, आणि शेंगदाण्याचा कणही काही मिनिटांत घसा सुजवून जिवावर बेतू शकतो. तिचे निदान त्वचेच्या आणि रक्ताच्या चाचणीने बऱ्यापैकी होते. अन्न न सोसण्यात ही यंत्रणा गुंतलेली नसते. इथे प्रश्न मात्रेचा असतो. दुधातील साखर पचवणारे लॅक्टेज विकर कमी असलेल्या माणसाला चहातले दूध चालते, पण पेलाभर दूध प्यायले की पोट फुगते. अन्नातील रसायने न सोसणाऱ्यांचेही असेच असते. रसायन थोडे थोडे साठत जाते, सोसण्याची मर्यादा ओलांडली की त्रास सुरू होतो, आणि तो काही तासांनी, कधी एक-दोन दिवसांनीही होतो. अंगावर गांधी उठतात, अर्धशिशी धरते, पोट बिघडते, दमा बळावतो, मूल चिडचिडे आणि सैरभैर होते. सोमवारच्या पुरळाचे कारण शनिवारच्या जेवणात असेल, तर ते नुसत्या आठवणीने सापडत नाही.

अशा रसायनांसाठी रक्ताची भरवशाची चाचणी नाही. ‘आयजीजी’ प्रतिपिंडे मोजून शंभर-दोनशे पदार्थांची यादी हाती देणाऱ्या तपासण्या बाजारात विकल्या जातात. पण आयजीजी असणे हे तो पदार्थ खाल्ल्याचे लक्षण आहे, तो न सोसल्याचे नव्हे. ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनांनी या तपासण्या निदानासाठी वापरू नयेत असे स्पष्ट सांगितले आहे. त्या यादीवरून मुलाचे दूध, अंडी आणि गहू एकाच दिवशी बंद करणे हा त्या मुलावर अन्याय आहे.

उरतो तो जुना आणि कष्टाचा मार्ग: संशयित सर्व काही काही आठवडे ताटातून काढायचे, त्रास थांबतो का पाहायचे, आणि मग एकेक गोष्ट परत घालून तपासायचे. कॅलिफोर्नियातील डॉ. अल्बर्ट रो यांनी 1920च्या दशकात या वर्ज्य-आहार पद्धतीला शिस्त लावली. 1973मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचे बालॲलर्जीतज्ज्ञ बेंजामिन फाइनगोल्ड यांनी अमेरिकन मेडिकल असोसिएशनपुढे मांडले की, कृत्रिम रंग, कृत्रिम स्वाद आणि झाडांतील सॅलिसिलेट हे नैसर्गिक रसायन काढल्यावर अतिचंचल मुलांपैकी बरीच सुधारतात. त्यांचा दावा जितका मोठा होता तितका पुढच्या काटेकोर प्रयोगांत टिकला नाही. पण काही मुलांवर परिणाम होतो, ही गोष्ट पुसलीही गेली नाही. या विषयाला खरी बैठक मिळाली सिडनीच्या रॉयल प्रिन्स आल्फ्रेड रुग्णालयात. तिथे रॉबर्ट लोब्ले, ॲन स्वेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांना शुद्ध रसायने आणि निष्क्रिय पूड अशा एकसारख्या कॅप्सूल देऊन पाहिल्या. कॅप्सूलमध्ये काय आहे हे रुग्णाला ठाऊक नसे. स्वेन यांच्या गटाने 1985मध्ये 333 खाद्यपदार्थांतील सॅलिसिलेट मोजून प्रसिद्ध केले. या रुग्णालयाच्या वर्ज्य-आहाराचा आधार ही मोजणी आहे. लेखिका सू डेंगेट यांनी हाच आहार ‘फेलसेफ’ या नावाने ऑस्ट्रेलियातील घराघरांत नेला.

अन्नात वरून घातल्या जाणाऱ्या रंग-संरक्षकांसारख्या मिश्रकांविषयीचा सर्वांत वजनदार पुरावा 2007चा. इंग्लंडमधील साउथॅम्प्टन विद्यापीठाने तीन वर्षांची आणि आठ-नऊ वर्षांची मिळून 297 मुले घेतली. त्यांना कृत्रिम रंग आणि सोडियम बेन्झोएट घातलेले पेय किंवा तसेच दिसणारे निर्धोक पेय दिले. ही मुले रुग्ण नव्हती, चारचौघांसारखी होती. तरीही मिश्रणाने चंचलता वाढल्याचे दिसले. सरासरीने परिणाम लहान होता, मुलामुलांत मोठा फरक होता, आणि मिश्रण दिल्यामुळे दोष नेमका कोणाचा हे सांगता आले नाही. तरी युरोपीय संघाने जुलै 2010पासून टार्ट्राझीन, सनसेट यलो, कार्मोइसिन, पॉन्सो 4आर, क्विनोलिन यलो आणि अल्युरा रेड या सहा रंगांच्या पदार्थांवर मुलांच्या चंचलतेवर व एकाग्रतेवर अनिष्ट परिणाम होऊ शकतो असा इशारा छापणे बंधनकारक केले. अनेक कारखानदारांनी इशारा छापण्याऐवजी रंगच बदलले, यातच बरेच काही आले.

रंग डोळ्यांना दिसतो. पाव मात्र निरुपद्रवी वाटतो, आणि रोज खाल्ला जातो. त्यात बुरशी येऊ नये म्हणून कॅल्शियम प्रोपिओनेट, म्हणजे मिश्रकांच्या यादीतला क्रमांक 282, घालतात. डेंगेट आणि ॲलन रूबेन यांनी 2002मध्ये 27 मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या मुलांचे वागणे वर्ज्य-आहारावर आधीच सुधारले होते. त्यांना काही दिवस 282 घातलेला आणि काही दिवस न घातलेला पाव दिला. कुठला कधी, हे घरच्यांनाही कळू दिले नाही. 282च्या दिवसांत 52 टक्के मुलांचे वागणे बिघडले, 19 टक्के मुलांचे उलट सुधारले. अभ्यास छोटा आहे, त्यावर कायदा करता येणार नाही. पण रोज खाल्ल्या जाणाऱ्या पदार्थाकडे संशयाने पाहायला तो पुरेसा आहे. याशिवाय सल्फाइट (220 ते 228) दम्याच्या काही रुग्णांना धोकादायक ठरतात. सुक्या जर्दाळूचा केशरी रंग टिकतो तो त्यांच्यामुळे. बेन्झोएट (210 ते 213) सरबते आणि सॉसमध्ये, नायट्राइट हॅम-सॉसेजमध्ये, बीएचए आणि टीबीएचक्यू (320, 319) तेला-तुपात असतात. 621 आणि 635 हे स्वादवर्धक चटकदार पाकिटांत हटकून सापडतात.

निव्वळ मिश्रके काढून काहींना बरे वाटते, सर्वांना नाही. कारण निसर्गाने घातलेली रसायनेही तीच कामे करतात. झाडे किडीपासून बचावासाठी सॅलिसिलेट तयार करतात. ते सालीत आणि सालीखाली जास्त असते. प्रथिने मुरली, आंबली, करपली की अमाइन वाढतात: जुने चीज, चॉकलेट, खूप पिकलेले केळे, सुकट. टोमॅटोत आणि अळंबीत ग्लुटामेट मुळातच असते. नैसर्गिक म्हणून विकला जाणारा अनाटो हा पिवळा रंग (160बी) काहींना कृत्रिम रंगाइतकाच बाधतो. ‘घरचे’, ‘सेंद्रिय’, ‘आयुर्वेदिक’ ही विशेषणे या कामात उपयोगाची नाहीत.

सिडनी-मेलबर्नमधील मराठी घरात मिश्रके आणि ही नैसर्गिक रसायने दोन्ही टाळणारे पथ्य सुरू झाले की पहिला आघात फोडणीवर होतो. हळद, जिरे, मोहरी, हिंग, मिरची, धने या सगळ्यांत सॅलिसिलेट भरपूर. चिंच, टोमॅटो, लिंबू जातात. कांदा, वांगे, पालक, चहा आणि मधही. मग उरते काय? भात. मुगाचे किंवा मसुरीचे वरण, त्यावर तूप, मीठ आणि लसूण. जाड साल काढलेला बटाटा, कोबी, फरसबी. त्याच दिवशी आणलेले ताजे चिकन. निर्वात पाकिटात आठवडे राहिलेले बीफ नाही, कारण त्यात अमाइन वाढत राहतात. पूर्ण पिकलेला, सोललेला पेअर हे फळ. केशर, खसखस आणि थोडे काजू चालतात. आंबटपणासाठी सायट्रिक आम्ल घेता येते. गरजेप्रमाणे गहू आणि दूधही काढावे लागते. औषधांचे रंगीत वेष्टन, पुदिन्याची टूथपेस्ट, अत्तर यांच्याकडेही पाहावे लागते. आजीला हे जेवण आजाऱ्याचे वाटते, आणि पाहुण्यांकडे जाणे अवघड होते. म्हणून संपूर्ण घराने निदान रात्रीचे जेवण हेच ठेवले, तर मूल एकटे पडत नाही.

पहिल्या आठवड्यात त्रास कधी कधी वाढतो. अनेक घरे तिथेच हार मानतात. दोन ते सहा आठवड्यांत मात्र कल कळतो. रोजनाम्यात खाणे, झोप, शौच, डोकेदुखी आणि वागणे यांची नोंद हवी. सहा आठवडे चोख पाळूनही काहीच फरक पडला नाही, तर आहार सोडून दुसरे कारण शोधावे. पथ्य आणखी कडक करत नेणे चूक.

फरक पडला, तर खरे काम तिथे सुरू होते, आणि नेमके तेच बहुतेक ठिकाणी राहून जाते. काही दिवस सलग बरे गेल्यावर एकच रसायन भरपूर मात्रेत परत घालायचे: 282चा पाव रोज अनेक काप, आठवडाभर, बाकी सारे जसेच्या तसे. त्रास झाला तर थांबायचे, तीनेक दिवस निवळू द्यायचे, मग पुढचे रसायन. एका वेळी दोन गोष्टी परत घातल्या, तर काहीच कळत नाही. बहुतेकांना सगळीच रसायने बाधत नाहीत, आणि जे बाधते तेही थोड्या मात्रेत चालते. चाचण्या पूर्ण झालेल्या घरात हळद, कांदा, आंबा बऱ्याच अंशी परततात. चाचण्या टाळलेल्या घरात मूल वर्षानुवर्षे भात-बटाट्यावर राहते, क जीवनसत्त्व आणि कॅल्शियम कमी पडते, वाढ खुंटते आणि जेवणाचीच भीती बसते. जिवावर बेतू शकणारी ॲलर्जी, गरोदरपण, वजन घसरलेले मूल किंवा खाण्याविषयीचा मानसिक विकार असेल, तर वैद्यकीय देखरेखीशिवाय हा मार्ग धरूच नये. दम्याच्या रुग्णाने सल्फाइट घरी परत घालून पाहू नये.

हे पथ्य भारतात पाळणाऱ्यालाही मिश्रकांचे क्रमांक वाचणे शक्य आहे. पाकिटावर मिश्रकाचे नाव किंवा आयएनएस क्रमांक छापणे बंधनकारक आहे. टार्ट्राझीन, सनसेट यलो, कार्मोइसिन आणि पॉन्सो 4आर हे रंग, अन्नात किलोला 100 मिलिग्रॅमपर्यंत, इथे कायदेशीर आहेत, आणि युरोपातला इशारा मात्र इथे नाही. सुट्या जिलेबीला आणि गाड्यावरच्या मंचुरियनला घटकांची यादीच नसते. मार्च 2024मध्ये कर्नाटकाने गोबी मंचुरियन आणि ‘बुढ्ढी के बाल’ यांतील कृत्रिम रंगांवर बंदी घातली ती ऱ्होडामाइन-बीसारखा अखाद्य रंग सापडल्यामुळे.

सिडनीची यादी ऑस्ट्रेलियाच्या ताटासाठी मोजून तयार झाली. कोकम, गोडा मसाला, कुळीथ, नाचणी, ओला नारळ यांसाठी ती अंदाजाने लावणे रुग्णाच्या हिताचे नाही. या परिषदेतील अन्नशास्त्रज्ञांनी आपल्या प्रयोगशाळांत या पदार्थांतील सॅलिसिलेट आणि अमाइन मोजण्याचे काम हाती घ्यावे, आणि आहारतज्ज्ञांनी परत घालण्याच्या चाचण्यांचे वेळापत्रक तयार असल्याखेरीज कोणाच्याही हाती वर्ज्य-आहाराची यादी देऊ नये.