बऱ्हाणपूरच्या फलाटावरून होबार्टला



पाहुण्यांचं भाषण लांबलं की विंगेत सजून उभ्या असलेल्या मुलांचे हाल होतात, म्हणून मी आज एकाच घराविषयी बोलणार आहे. ते घर आहे ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला, टास्मानिया बेटावरच्या होबार्ट शहरात. पण त्याची गोष्ट सुरू होते आपल्या भुसावळ रेल्वे विभागातल्याच बऱ्हाणपूर स्टेशनात. रावेर, बऱ्हाणपूर, नेपानगर, खांडवा. ही स्टेशनं इथल्या कितीतरी मुलांना ओळीनं पाठ असतील. तुमच्यापैकी अनेकांचे वडील, आजोबा याच मार्गावर नोकरी करतात.

1986 साली खांडव्याच्या गणेश तलाई वस्तीत एक पाच वर्षांचा मुलगा राहत होता. वडील घर सोडून गेलेले. आई, फातिमा मुन्शी, बांधकामावर दगड वाहून चार लेकरांचं पोट भरत होती. थोरला गुड्डू गाड्यांमध्ये मिळेल ते काम करायचा. एका संध्याकाळी हा धाकटा त्याच्या मागे लागला आणि दोघं बऱ्हाणपूरला उतरले. धाकट्याला झोप आवरेना. गुड्डू त्याला फलाटावरच्या बाकावर निजवून गेला. पोराला जाग आली तेव्हा भाऊ नव्हता, समोर गाडी उभी होती. भाऊ आत असेल म्हणून तो डब्यात चढला आणि पुन्हा झोपला. गाडीनं त्याला नेलं ते थेट हावड्याला. भाषा बंगाली, ओळखीचं कुणी नाही. कित्येक दिवस तो त्या रस्त्यांवर एकटा जगला. मग पोलीस, मग बालगृह, आणि शेवटी दत्तक देणारी संस्था. गावाचं नाव त्याला नीट सांगता येत नव्हतं. तो जे सांगायचा ते कुणाच्या नकाशात सापडत नव्हतं.

1987 मध्ये होबार्टच्या स्यू आणि जॉन ब्रायर्ली यांनी त्याला दत्तक घेतलं. हाच तो सरू ब्रायर्ली, ज्याच्या आत्मकथनावरून 2016 साली ‘लायन’ हा चित्रपट निघाला. त्यात लहानपणीच्या सरूचं काम मुंबईच्या सनी पवारनं केलं आहे. चित्रपट जरूर बघा. मला मात्र बोलायचं आहे त्या आईवडिलांविषयी.

मी काही वर्षं बालकल्याण समितीवर काम केलं आहे. दत्तक घेणाऱ्या जोडप्याला लोक सर्रास म्हणतात, ‘फार पुण्याचं काम केलंत हो.’ हे वाक्य मला खुपतं. ज्या लेकराच्या कानावर ते पडतं, त्याला आपण कुणाचे तरी उपकार फेडायला जन्मलो असं वाटू लागतं. ब्रायर्ली दांपत्याला स्वतःचं मूल होऊ शकलं असतं. त्यांनी ठरवून दत्तक मूल घेतलं. त्यांना मूल हवं होतं, आणि हे हवं असणंच मला पुण्यापेक्षा मोठं वाटतं. पुढे त्यांनी कोलकात्याहून मंतोष या दुसऱ्या मुलालाही आणलं. त्यानं लहान वयात फार सोसलं होतं, त्याला रुळायला खूप काळ लागला. त्या घरानं तोही काळ काढला.

आणखी एक गोष्ट त्यांनी केली. सरूच्या खोलीत त्यांनी भारताचा नकाशा लावला. परक्या देशातून आलेल्या मुलाला लवकर आपलंसं करायचं, तर जुनं सगळं पुसून टाकावं असं कुणालाही वाटलं असतं. तसं करणारी घरं मी इथेही पाहिली आहेत: मुलाला काही कळू द्यायचं नाही म्हणून गाव बदलणारी, नातलग तोडणारी. स्यू आणि जॉननी त्याची पाच वर्षं त्याच्याजवळ राहू दिली. सरू मोठा झाला, हिंदी विसरला, पण फलाटाजवळची पाण्याची टाकी आणि पादचारी पूल विसरला नाही. संगणकावर उपग्रहाची चित्रं उघडून तो हावड्यापासून निघणारे रूळ रात्र-रात्र धुंडाळत राहिला, आणि 2011 साली त्याला बऱ्हाणपूर सापडलं. तिथून रूळ धरून तो खांडव्याला पोचला.

फेब्रुवारी 2012 मध्ये तो गणेश तलाईत उभा राहिला. त्याची आई त्याच वस्तीत होती. मुलगा परत आला तर सापडावं म्हणून तिनं ती जागा सोडली नव्हती. गुड्डू मात्र सरू हरवला त्याच दिवसांत रुळांवर मरण पावला होता. एकाच वेळी त्या माउलीचे दोन मुलगे गेले.

इथे मी थोडी थांबते, पालकांसाठी. या मुलाला कुणी टाकलेलं नव्हतं. होबार्टमध्ये एक आई लेकराला कुशीत घेत होती, तेव्हा खांडव्यात दुसरी त्याला शोधत होती. दोघींपैकी कुणाचाच दोष नव्हता. म्हणूनच आधी मुलाच्या घरच्यांचा कसून शोध, मग देशातलं कुटुंब, आणि त्यानंतर परदेश, हा क्रम मला पवित्र वाटतो. परदेशी दत्तकाबाबत सर्वोच्च न्यायालयानं 1984 मध्ये लक्ष्मीकांत पांडे खटल्यात नियम घालून दिले. त्यात भारतीय कुटुंबाला प्राधान्य आहे. प्रक्रिया वेळ घेते म्हणून लोक वैतागतात. त्या वेळात कुठली तरी फातिमाबाई सापडू शकते.

सरू होबार्टचाच राहिला आणि खांडव्याला येत-जात राहिला. पुढे स्यू भारतात आल्या, फातिमाबाईंना भेटल्या. तेव्हा वर्गात कुणी दत्तक आलेलं असेल, तर ‘तुझे खरे आईवडील कोण?’ असं त्याला विचारू नका. घरी जे त्याची वाट बघतात ते खरे, आणि ज्यांनी जन्म दिला तेही खरे.

आता मोठ्या मुलांना एक काम देते. आज घरी गेल्यावर धाकट्या भावंडाला जवळ बसवा आणि आईचं पूर्ण नाव, गाव, तालुका, जिल्हा आणि घरातला एक फोन नंबर पाठ करून घ्या. आणि स्टेशनवर एखादं लहान मूल एकटं, भेदरलेलं दिसलं तर पुढे निघून जाऊ नका. रेल्वे पोलिसांना सांगा किंवा 1098 ला फोन करा, आणि कुणी येईपर्यंत त्याच्याजवळ थांबा.