सेकंडहँड पिकअप घेताय? आधी रंगाच्या खाली बघा

मागे जो खडखडाट ऐकू येतोय, त्याबद्दल आधीच सॉरी. मी शिरोली एमआयडीसीत बसून रेकॉर्ड करतोय, आणि इथं शांतता फक्त लाईट गेल्यावर मिळते. शेजारी फौंड्री, पलीकडं मशीन शॉप, आणि मधल्या गाळ्यात आमचं डेंटिंग-पेंटिंगचं काम. अकरा वर्षं झाली मला या कामात. सुरुवातीची दोन वर्षं नुसता पॉलिश पेपर घासला. बोटांचे ठसे गेले होते, आधारला अंगठा लागायचा नाही.

मागच्या एपिसोडनंतर बऱ्याच जणांनी विचारलं, की दादा, जुनी पिकअप घ्यायची आहे, गंज आणि रंग कसा बघायचा? बरेच जण पंचवीस-तिशीचे. कुणाला भाजी मार्केट यार्डात टाकायची आहे, कुणाला एमआयडीसीत भाडं मारायचं आहे. आज तेच सांगतो. पण आधी माझी एक चूक सांगतो. ती सांगितल्याशिवाय बाकीचं बोलायचा मला हक्क नाही.

२०२० ची दिवाळी जवळ आली होती. जुन्या गाड्यांचा धंदा करणारा एक जण पांढरी पिकअप घेऊन आला. म्हणाला, "दोन दिवसांत चकाचक करून दे, गिऱ्हाईक थांबलंय." मी दरवाजाची आतली पट्टी काढली तर आत वाळलेला गाळ. सीटबेल्ट पूर्ण ओढला, तर शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातीचा डाग. मला कळलं, ही गाडी २०१९ च्या पुरात उभी होती. त्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. तिथं धोक्याची पातळी ४३ फूट आहे. शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं आणि पुणे-बेंगळुरू रस्ता कित्येक दिवस बंद राहिला. त्या पाण्यात किती गाड्या बुडाल्या, ते आमच्या भागात सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलंय.

तर मला दिसलं होतं, आणि मी गप्प बसलो. लॉकडाऊननंतर कामं नव्हती, गाळ्याचं भाडं थकलं होतं. दरवाजाच्या खालच्या कुजलेल्या पत्र्यावर पुट्टी भरली, घासली, वरून पांढरा मारला. चासीला काळा रंग फासला. गाडी अशी दिसायला लागली, की मलाच वाटलं घ्यावी.

दहा महिन्यांनी, २०२१ च्या सप्टेंबरमध्ये, ती गाडी परत आमच्याच दारात आली. सोबत हातकणंगले तालुक्यातला एक तरुण आणि त्याची आई. लॉकडाऊनमध्ये पोराची नोकरी गेली, म्हणून आईनं पाटल्या मोडून डाऊन पेमेंट भरलेलं. पावसाळ्यात दरवाजाला फोड आले, मग पापुद्रे सुटले, आणि एक दिवस ब्रेक दाबताना टाच मॅटखाली खचली. मॅट उचललं तर खालून रस्ता दिसत होता. मी दरवाजावर बोट फिरवलं आणि माझी पुट्टी मला ओळखू आली. मावशी एवढंच म्हणाली, "रंग बघूनच घेतली रं बाळा. लय चकाकत होती."

पुढचं शेवटी सांगतो. आता कामाचं.

गंज म्हणजे नेमकं काय

लोखंडाला पाणी आणि हवा दोन्ही मिळालं की गंज धरतो. त्यात मीठ मिसळलं की वेग वाढतो. आणि गंज ही त्या लोखंडापेक्षा जास्त जागा खातो. म्हणून पत्रा आतून गंजायला लागला की वरचा रंग फुगतो, फोड येतो. तुम्हाला बाहेर वाटाण्याएवढा फोड दिसतो, तेव्हा आत रुपयाएवढी जागा गेलेली असते. दरवाजा, मडगार्ड, केबिनची खालची कड, इथं गंज बरेचदा आतून बाहेर येतो. त्यामुळं "जरासा फोड आहे, टचअप मारू" असं कुणी म्हणालं, की समजायचं, हा पत्र्याच्या एकाच बाजूबद्दल बोलतोय.

गाडीनं काय वाहिलं, ते आधी विचारा

मी किलोमीटरच्या आधी हे विचारतो. रत्नागिरीकडून आंबा घाटानं मासळी आणणाऱ्या गाडीत बर्फाचं खारट पाणी हौद्यातून थेट चासीवर गळत असतं. खताची पोती वाहिलेल्या गाडीत सांडलेलं खत ओल धरून ठेवतं आणि पत्रा खातं. जनावरं वाहिली असतील तर मूत्र हौद्याच्या सांध्यात मुरतं. आमच्या एमआयडीसीतल्या गाड्या फौंड्रीची वाळू आणि स्क्रॅप वाहतात. त्यानं रंग खरवडला जातो, आणि उघड्या लोखंडावर पहिल्या पावसात तांबूस थर येतो. भाजी, किराणा, गादी-फर्निचर वाहणारी गाडी त्या मानानं बरी. मालक खरं सांगेलच असं नाही, पण हौद्याचे कोपरे आणि वास खोटं बोलत नाहीत.

कुठं बघायचं

बॉनेटपासून मागं चला. पुढच्या काचेच्या रबराखाली बघा. तिथं पाणी साठून केबिनमध्ये उतरतं. बॅटरीखालचा ट्रे बघा, ॲसिड सांडून तो पोकळ झालेला असतो. दरवाजा उघडून खालची कड हातानं चाचपा. तिथं पाणी निघायला बारीक भोकं असतात. ती मातीनं बुजली की दरवाजात पाणी साठतं. पायरी आणि चाकावरची कमान बघा, चाकाचा चिखल तिथंच आदळतो. केबिनचं मॅट उचला. मालक म्हणाला, "चिकटवलंय, निघत नाही," तर तुमचा प्रश्न तिथंच सुटला.

मग केबिनची मागची भिंत आणि हौदा यांच्यातली फट. तिथं कुणी धूत नाही, पालापाचोळा अडकून ओल राहते. हौद्यात रबरी मॅट असेल तर तेही उचला. फाळक्याच्या बिजागऱ्या हलवून बघा.

आणि सगळ्यात महत्त्वाची चासी. बाकीचं अंग आहे, चासी हाडं आहेत. पाटे जिथं चासीला धरतात ते ब्रॅकेट, दोन बाजू जोडणारे आडवे भाग, केबिन आणि हौदा ज्यावर बसतो ते माउंट, सगळं मोबाईलच्या टॉर्चनं बघा. वरवरचा तांबूस थर असेल तर घाबरायचं नाही, तो घासून निघतो. पण पापुद्रे सुटत असतील, हातोडीच्या दांड्यानं ठोकल्यावर टणक आवाजाऐवजी भद्द आवाज येत असेल, किंवा चासीवर वेल्डिंगची ठिगळं असतील, तर तिथून निघा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र जायचं नाही. रॅम्पवर किंवा खड्ड्यावर घ्या. नाहीच जमलं तर मोबाईल खाली सरकवून व्हिडिओ काढा.

ताजा काळा रंग मारलेली चासी दिसली तर मी आता दुप्पट वेळ बघतो. कारण असा रंग का मारतात, ते मला माहीत आहे.

रंग काय सांगतो

कंपनीतून येणारा रंग सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. दुसऱ्यांदा रंगवलं की आकडा २०० च्या वर जातो, आणि खाली पुट्टी असेल तर १००० सुद्धा ओलांडतो. हे मोजायचं छोटं मीटर मिळतं. नसेल तर घरातलं फ्रिजचं मॅग्नेट घ्या, मऊ फडक्यात गुंडाळा, आणि पत्र्यावर लावत चला. एका ठिकाणी गच्च धरतंय आणि वीतभर खाली घसरतंय, तर खाली पुट्टी आहे. बंपर आणि फायबरच्या भागाला मॅग्नेट धरणारच नाही, तिथं उगाच भांडू नका.

गाडी दिवसा उजेडात बघा, आणि कोरडी बघा. ओली गाडी चकाकते आणि सगळं लपवते. रबरावर, बिजागरीवर, लायटीच्या कडेला रंगाचे शिंतोडे दिसले, म्हणजे घाईत मारलेला रंग. दोन पत्र्यांच्या पांढऱ्यात फरक असेल तर विचारा, हा दरवाजा का बदलला? कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा म्हणजे जाड पुट्टी तडकतेय. वरचा चमकदार थर सालीसारखा निघत असेल, किंवा हात फिरवल्यावर बोटाला पांढरी पूड लागत असेल, तर ते उन्हानं झालंय. दिसायला वाईट, पण पत्र्याला त्यानं लगेच काही होत नाही.

हा फरक डोक्यात ठेवा. उन्हानं विटलेला रंग म्हणजे भाव पाडायचं कारण. आतून आलेला फोड म्हणजे खर्चाचं कारण. चासीला पडलेलं भोक म्हणजे गाडी सोडायचं कारण. माझ्या अनुभवात लोक नेमकं उलटं करतात. विटकी पण टणक गाडी सोडतात आणि चकचकीत पण पोकळ गाडी घेतात.

पुराची गाडी ओळखायला सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, सीटखालचे नट-बोल्ट बघा, डॅशबोर्डच्या मागं बोट घाला, गाळ लागतो का बघा. चासी नंबर आरसीशी स्वतः जुळवा. गंजानं तो खाल्लेला असेल किंवा तिथं ग्राइंडर फिरलेला दिसला, तर गाडी कितीही स्वस्त असू दे, घेऊ नका. गाडीचा मूळ रंग बदलला असेल तर आरसीवर तशी नोंद हवी. आणि मालवाहू गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस काढावं लागतं, हे विसरू नका. आज लपवलेला गंज उद्या तिथं तुमच्या नावावर उघडा पडतो.

हे फक्त आपल्याकडंच होतं का?

नाही. अमेरिकेत थंडीत बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. तिथं टोयोटाच्या टॅकोमा, टुंड्रा या पिकअप आणि सिकोया या गाडीच्या चासी गंजल्याचा दावा मालकांनी कोर्टात नेला. २०१६ मध्ये कंपनीनं तडजोड मान्य केली. सुमारे १५ लाख गाड्या, आणि तिचं मूल्य ३.४ अब्ज डॉलरपर्यंत जाईल असा अंदाज होता. तिथले मालक एकत्र आले. आपल्याकडं सेकंडहँड घेणारा एकटा असतो, म्हणून त्यानं आधीच वाकून बघायचं.

घेतली, आता काय?

गंजलेला पत्रा कापूनच काढावा लागतो. चांगल्या लोखंडापर्यंत कापायचं, नवीन पत्रा वेल्ड करायचा, दोन्ही बाजूंनी इपॉक्सी प्रायमर मारायचा, सांध्यात सीलर भरायचा, मग पातळ पुट्टी आणि रंग. पुट्टी ही सपाटी आणायला असते, भोक बुजवायला नाही. ती ओल शोषते, आणि खालचा गंज आरामात वाढत राहतो.

चासीला जुनं इंजिन ऑईल फासायची पद्धत आपल्याकडं आहे. करू नका. त्यावर धूळ बसते, रबरी बुश फुगतात, आणि ते ब्रेकवर उडालं तर जीवावर बेतेल. त्यापेक्षा पावसाळ्याआधी अंडरकोटिंग करा, पण ते स्वच्छ आणि कोरड्या चासीवरच. गंजावर मारलं तर गंजाला गोधडी पांघरल्यासारखं होतं. खारट माल वाहिला की त्याच दिवशी गोड्या पाण्यानं खालून धुवा. दरवाजाची भोकं महिन्यातून एकदा तारेनं मोकळी करा. एवढ्यानं खूप फरक पडतो, आणि खर्च शून्य.

आता राहिलेली गोष्ट. त्या दिवशी मी मावशीला काही बोललो नाही. गाडी ठेवून घेतली. केबिनचा तळ कापला, नवा पत्रा टाकला, दोन्ही दरवाजे खालून बदलले. चासी पूर्ण घासली. नशीब, ती अजून टणक होती. ती पोकळ निघाली असती, तर माझ्याकडं काही उत्तर नव्हतं. गाडी न्यायला पोरगा एकटा आला, तेव्हा सांगितलं. "आधीचा रंग मीच मारला होता. गाळ मला दिसला होता." तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "दादा, तेव्हा एक फोन केला असतास तर?" मी म्हटलं, तुझा नंबर नव्हता. पण ते उत्तर नव्हे, हे आम्हाला दोघांनाही कळत होतं. मजुरी घेतली नाही. पत्र्याचे आणि रंगाचे पैसे त्यानं तीन हप्त्यांत दिले, मी नको म्हणत असताना.

तेव्हापासून गाळ्यात एक नियम आहे. पुट्टी मारायच्या आधी उघड्या पत्र्याचा फोटो काढायचा, आणि तो गाडीच्या नंबरासकट जपून ठेवायचा. ज्याला फोटो चालत नाही, त्याचं काम घेत नाही. दोन-तीन गिऱ्हाईकं तुटली. भाडं अजून वेळेवर जातंय.

तुम्ही गाडी घ्यायच्या आधी एवढंच करा. मॅग्नेट, टॉर्च आणि अर्धा तास. कपडे मळले तर मळू द्या. पुढच्या वेळी पाटे आणि लोड यावर बोलू. तोपर्यंत सांभाळून चालवा. चला, कॉम्प्रेसर भरला, कामाला लागतो.