माजी विद्यार्थी मेळावा आणि आरोग्यसेवेच्या वाटा

धरमतर खाडीकाठच्या, पेण-रोह्याच्या शाळांना एक सुचवायचं आहे. यंदाच्या मेळाव्याला डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माते झालेले माजी विद्यार्थी बोलवा. वाटा अनेक आहेत. बारावीनंतर जीएनएम, म्हणजे परिचर्येचा अभ्यासक्रम, 3 वर्षांचा. विज्ञान शाखेतून औषधनिर्माण पदविका 2 वर्षांची. एमबीबीएससाठी ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, आणि अलिबागला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. या वाटेवर कुठवर जाता येतं, याचं उदाहरण जवळच आहे: याच रायगड जिल्ह्यात, महाडजवळच्या बिरवाडी आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाचा अभ्यास सुरू केला. त्यांच्या प्राझोसिन या औषधाच्या उपचाराने हजारो जीव वाचले. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मुलांनो, पाहुण्यांना मोकळेपणाने विचारा: खर्च किती, शिष्यवृत्ती कुठली, मराठी माध्यमातून जमतं का?