मागे बसणाऱ्यासाठीचा पत्रा

(हीरक महोत्सवानिमित्त येलहंका, बंगळुरू येथे भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



आमच्या कार्यानुभवाच्या वर्गाने यंदा हाती घेतलेल्या एका लहानशा कामाविषयी मी बोलणार आहे. येलहंक्यात हा विषय काढताना थोडा संकोच वाटतो. इथल्या चाकांच्या कारखान्यात मोडीचे पोलाद विजेच्या भट्टीत वितळवून रेल्वेची चाके ओतली जातात, हवाई दलाच्या तळावर विमानांचे प्रदर्शन भरते. अशा गावात हातभर पत्र्याची कथा ती काय सांगायची? तरीही सांगते.

एका माजी विद्यार्थ्याने आपल्या वडिलांची शंभर सीसीची जुनी मोटारसायकल शाळेला दिली. मुलांना प्रथम टाकी रंगवायची होती. आमच्या कार्यानुभवाच्या सरांनी मात्र सायलेन्सरवरच्या गार्डपासून आरंभ करायला लावला. ते गार्ड गंजलेले, दोन स्क्रू गळालेले. खडखड थांबावी म्हणून कुणीतरी तार गुंडाळलेली. पुष्कळ लोक या खडखडीला कंटाळून गार्डच काढून टाकतात. त्यावाचून इंजिनाचे काही अडत नाही आणि चालवणाऱ्याला उणीव भासत नाही. भाजते ती मागच्या सीटवरून उजव्या अंगाने घाईत उतरणाऱ्या मुलाची पोटरी. असा लांबट डाग घेऊन, त्यावर टूथपेस्ट फासून वर्गात आलेली मुले मी पाहिली आहेत. पालकांना इथेच सांगते : भाजल्याबरोबर तो भाग वीस मिनिटे साध्या वाहत्या पाण्याखाली धरावा. पेस्ट नको, बर्फही नको. फोड मोठा असेल तर डॉक्टरांकडे न्यावे.

कर्नाटकात मोटारसायकलीविषयी बोलायचे आणि म्हैसूरच्या जावाचे नाव घ्यायचे नाही, हे बरे नव्हे. १९६१ पासून तिथल्या आयडियल जावा कारखान्यात या गाड्या तयार होत. पुढे त्यांचे नाव येझदी झाले आणि १९९६ साली कारखाना बंद पडला. त्यांच्या २५० सीसीच्या गाड्यांना इंजिनात सिलिंडर एकच, पण सायलेन्सर दोन, दोन्ही बाजूंना एकेक. डावीकडे पाय सोडून एका अंगाने बसणाऱ्या आमच्या आयांच्या आणि मावश्यांच्या नऊवारी-सहावारीला त्यामुळे तापलेल्या नळीची सोबत असे. साडीची काळजी कायद्याने घेतली आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून निदान अर्धे चाक झाकणारे संरक्षण आवश्यक असते. आपण त्याला साडी-गार्ड म्हणतो. पोटरीचे रक्षण या पत्र्याकडे.

हा पत्रा काम कसे करतो, हे मुलांना फार आवडले. तो सायलेन्सरला चिकटलेला नसतो. मध्ये हवेची फट असते आणि वाऱ्याने उष्णता वाहून जाते. स्क्रूखाली उष्णतारोधक वॉशर असतात. ते हरवून पत्रा सरळ धातूवर आवळला, तर तोही तापतो आणि गार्ड असूनही चटका बसतो. चकाकीलाही अर्थ आहे. उजळ क्रोम उष्णता फार थोडी बाहेर फेकते, गंजलेले लोखंड तिच्या कितीतरी पट. तेव्हा क्रोमचे झळकणे केवळ मिरवण्यासाठी नव्हे! मराठीची शिक्षिका असल्याने अलंकार आणि अर्थ यांच्या नात्यावर मी बरेच बोलले आहे. इतके सोपे उदाहरण मला कधी सापडले नव्हते.

प्रत्यक्ष काम सावकाशीचे. गंजलेल्या स्क्रूंना रात्रभर तेल पाजले, कारण जोर लावला की सायलेन्सरला जोडलेल्या पट्ट्याच तुटतात. जुन्या वॉशरांत ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ते कोरडे घासू दिले नाहीत. ओले करून सरांनी स्वतः काढले. वरचा गंज मुलांनी चांदीच्या कागदाचा बोळा पाण्यात बुडवून घासला, तो चकित व्हावे इतका सहज निघाला. खड्डे मात्र राहिले. आतल्या बाजूला चिखल साचून गंज अधिक होता. तो तारेच्या ब्रशने काढून उष्णता सोसणारा चंदेरी रंग दिला. पुन्हा क्रोम करून घ्यावे, असा काहींचा आग्रह होता. पण क्रोमचा थर एका मायक्रॉनहूनही पातळ असतो, गंजापासून खरा बचाव त्याखालचे निकेल करते, आणि त्या कामातले क्रोमियमयुक्त सांडपाणी विषारी असते. शाळेच्या नळावर उरकण्याचे हे काम नव्हे. चार खड्डे दिसले तर दिसोत, असे आम्ही ठरवले.

“नवे गार्ड बाजारात मिळते, मग एवढा खटाटोप कशाला?” असे एका मुलीने विचारले. प्रश्न रास्तच होता. सरांनी पत्रा उजेडासमोर धरला. भोक पडलेले असते तर नवेच आणले असते, भोक नव्हते. नवे वॉशर आणि जुन्याच लांबीचे स्क्रू घालून गार्ड जागेवर बसले. गाडी चालवून आणल्यावर सरांनी त्यावर पाण्याचे थेंब टाकले. ते उकळले नाहीत. शेजारच्या उघड्या नळीवर मात्र चर्र असा आवाज झाला. तो आवाज ऐकून वर्ग एकदम शांत झाला.

बाहेर आवारात तुमच्या बऱ्याच दुचाकी उभ्या आहेत. घरी गेल्यावर, सायलेन्सर पुरता निवल्यावर, गार्डचे स्क्रू एकदा हलवून पाहा. आमच्या गाडीची टाकी अद्याप रंगवायची आहे. रंगाबाबत नववीच्या दोन तुकड्यांत एकमत नाही, आणि मुख्याध्यापिकेने त्यात पडू नये, असे मला दोन्ही बाजूंनी सुचवण्यात आले आहे.