सबसिडी सोपी, शेजारी अवघड

ऑटो क्लस्टर म्हटलं की पुण्यातल्या माझ्या मित्रांना काय आठवतं? चिंचवडची प्रदर्शनं, किंवा २०२० मधलं कोविड सेंटर. तिथे गाड्यांच्या सुट्या भागांच्या चाचण्या होतात, हे फार थोड्यांना माहीत असतं. लहान कारखानदाराला एकट्याला परवडत नाहीत अशी यंत्रं सगळ्यांसाठी एका जागी असावीत, म्हणून केंद्र सरकारच्या २००३ च्या एका योजनेतून ते उभं राहिलं.

आज हा विषय घेतलाय, कारण तो सध्या आमच्या घरात रोज जेवताना निघतो. मी कोल्हापूरचा. बाबांची छोटी फौंड्री आहे. पंपाचे, ट्रॅक्टरचे भाग ओततात. मी बी.टेक. करून पुण्यात कोड लिहितो, म्हणजे धंदा बुडवणारा मुलगा!

कोल्हापुरात शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथे फौंड्र्या एकमेकींना खेटून आहेत. उद्यमनगरात ऑइल इंजिनं बनायची, तेव्हापासून हे कसब इथे मुरलंय. शेजारी पॅटर्न बनवणारा, पलीकडे मशीनिंगवाला, कोपऱ्यावर वाळूवाला. असा गोतावळा जमला की त्याला क्लस्टर म्हणतात. तो सरकार जन्माला घालत नाही. असलेल्याला हात देतं.

कसा? केंद्राची लघुउद्योगांसाठी क्लस्टर विकास योजना आहे. कारखानदारांनी एकत्र येऊन कंपनी काढायची, तिला एसपीव्ही म्हणतात. मग सामायिक सुविधा केंद्राला अनुदान मिळतं. २०२२ च्या नियमांप्रमाणे प्रकल्प ५ ते १० कोटींचा असेल तर ७० टक्क्यांपर्यंत, १० ते ३० कोटींचा असेल तर ६० टक्क्यांपर्यंत. उरलेले राज्य सरकार आणि कारखानदार मिळून घालतात.

ऐकायला भारी वाटतं ना? मलाही वाटलं. बाबांना म्हटलं, “एवढे पैसे सरकार देतंय, अडतंय कुठे?”

ते म्हणाले, “बाळा, माझं ड्रॉइंग तिथे गेलं की शेजारच्याला माझं गिऱ्हाईक कळतं.”

मी गप्प. आमच्याकडे क्लाऊडवर हजार कंपन्या एकाच सर्व्हरवर असतात आणि एकीला दुसरीचा डेटा दिसत नाही. ती सोय करायला इंजिनियरांची फौज लागते. इथे भिंत कोणाची? लॅबमधल्या ऑपरेटरच्या तोंडाची!

दुसरी अडचण वेळेची. भट्टीत लोखंड वितळलंय, त्यात कार्बन आणि सिलिकॉन किती आहे ते ओतण्याआधी कळायला हवं. त्याचा स्पेक्ट्रोमीटर दहा किलोमीटरवर असून काय उपयोग? नमुना जाऊन येईपर्यंत भट्टी वीज खात बसणार. आमच्या भाषेत, लेटन्सी परवडत नाही. पण वापरलेली वाळू पुन्हा वापरण्याजोगी करणं, कास्टिंगच्या आत पोकळी राहिलीय का ते एक्स-रेनं बघणं, ही कामं दोन दिवस थांबू शकतात. वाळूचं तर सामायिकच करावं. जळकी वाळू टाकायची कुठे, हा प्रत्येक फौंड्रीचा डोक्याला ताप आहे आणि त्यात कोणाचं गुपितही नसतं.

माझं मत विचाराल तर कोणतं यंत्र आणायचं हे ठरवताना आधी हे दोन प्रश्न विचारावेत: काम थांबू शकतं का, आणि त्यातून काय उघडं पडतं. आमच्याकडच्या मीटिंगमध्ये मात्र सगळ्यांत महाग यंत्र कोणतं यावरच चर्चा रंगली, कारण अनुदान टक्क्यांत आहे. चहा-भजी झाली, निर्णय पुढच्या महिन्यावर.

आता एक्स-रे केंद्राचा प्रस्ताव आलाय. बाबांच्या वाट्याला येणारी रक्कम त्यांच्यासाठी लहान नाही. परवा फोनवर विचारत होते, “भरू का रे?”

मी म्हटलं, निम्मे मी घालतो. पण नंबर कसे लावायचे, रिपोर्ट कोणाला दिसणार आणि ऑपरेटर कोणाचा नातेवाईक नसणार, हे आधी कागदावर घ्या.

“नातेवाईक नसलेला माणूस शिरोलीत कुठून आणू?” बाबा म्हणाले.

शनिवारी मीटिंग आहे. मी रात्रीची गाडी पकडून जातोय.